मासा मेला म्हणजे पीडा गेली? टाकी केवढी घ्यायची आणि पाणी किती गरम ठेवायचं

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीत एका वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून गोल्डफिश वाटले. प्रत्येक पोराच्या हातात काचेचा एक बाऊल, तळाला निळे-गुलाबी खडे, प्लास्टिकचं झाड आणि एक मासा. आठवडाभरात बारातले नऊ गेले. आमच्या मजल्यावरच्या काकू नातीची समजूत काढत होत्या, "रडू नकोस गं, घरावरची पीडा होती, ती घेऊन गेला तो."

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता कोणी बोलायच्या आधी मलाच ऐकू येतं. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायचा, आणि त्यातला एखादा गेला की पीडा टळली म्हणून गुपचूप नवा आणून टाकायचा. एका घरात तर वर्षभरात वीसेक मासे बदलून झाले होते, म्हणजे पीडा तरी किती असाव्यात माणसाला! मी बारा-तेरा वर्षं मासे पाळतोय, आधी नागपूरला आणि आता पुण्यात, आणि माझ्या अनुभवात माशांना मारणाऱ्या पीडा मुख्यतः दोनच आहेत, पाणी कमी पडणं आणि पाण्याचं तापमान चुकणं. आणि या दोन्ही एकमेकींत अडकलेल्या आहेत, म्हणून एकत्रच समजून घेऊ.

मासा जेवतो, राहतो आणि शीही तिथेच करतो

आधी अगदी बेसिक. मासा खातो त्याचं शेवटी अमोनिया बनतं आणि ते मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात सुटतं. म्हणजे मासा नुसता श्वास घेत बसला तरी पाणी घाण होतच असतं. उरलेलं खाणं सडलं की त्यातूनही अमोनिया. हे दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असतं आणि आत मासा मात्र गुदमरत असतो, कारण कल्ले भाजल्यासारखे होतात. "पाणी तर क्लीन होतं हो" असं लोक म्हणतात ते खोटं नसतं, फक्त डोळ्यांना अमोनिया दिसत नाही एवढंच.

निसर्गात हे साफ करायला बॅक्टेरिया असतात. एक जात अमोनियाचं नायट्राईट करते (तेही विषारीच), दुसरी जात नायट्राईटचं नायट्रेट करते, जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजात, वाळूत, खड्यांवर वस्ती करतात. ही वस्ती तयार होण्याला हौशी लोक सायकलिंग म्हणतात आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले की हीच वस्ती तयार नसते, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्यात जास्त मासे जातात.

सोपी युक्ती सांगतो, दही लावतो तसं करा. दुधाला नुसतं वाट बघून दही लागत नाही, विरजण लागतं ना, तसं कोणाच्या तरी जुन्या चांगल्या टाकीतला वापरलेला स्पंज मागून आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा, काम बरंच लवकर होतं. आणि दह्यासारखंच, थंडीत हेही उशिरा लागतं. म्हणूनच तो स्पंज नळाखाली चोळून धुवू नका, क्लोरीनने विरजणच मरतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळून घ्या, बास.

बाऊलचं गणित

तो वाढदिवसाचा बाऊल भरून तीन लिटरचा असेल. दुकानात "दोन फुटी" म्हणून मिळते ती टाकी दोन बाय एक बाय एक, म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात 28 लिटर पाणी बसतं, म्हणून 56 लिटर. खडे टाकले आणि वर दोन बोटं जागा सोडली की हातात राहतं 45 ते 48 लिटर. आता तोच मासा, तीच शी. अर्धी चिमूट मीठ एका वाटीत टाका आणि तेवढंच हंड्यात टाका, तसा हा फरक. बाऊलमध्ये अमोनिया पंधरापट तीव्र होतो.

दुसरी गोष्ट हवेची. ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. पाणी परातीत ओतलं तर हवा भरपूर लागते, तेच तांब्यात ठेवलं तर फक्त तोंडापुरती. गोल बाऊल गळ्यापर्यंत भरला की त्याचा तांब्या होतो. म्हणून उंच आणि अरुंद शोभेच्या टाकीपेक्षा बुटकी, लांब टाकी घ्यायची, लिटर तेवढेच असले तरी. इटलीत रोमच्या महापालिकेने 2005 मध्ये गोल बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवायला बंदीच घातली होती. आपल्याकडे तो अजून रिटर्न गिफ्ट आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी दुकानदार सांगतच नाही, की दुकानातला मासा हा बाळ असतो. दोन इंची गोल्डफिश नीट ठेवला तर फॅन्सी म्हणजे गोलमटोल जातीचा सहा-आठ इंच होतो आणि लांबट साधा कॉमन तर दहा-बारा इंचांपर्यंत जातो, दहा-पंधरा वर्षं जगतो. त्यात लांबी दुप्पट झाली की मासा दुप्पट होत नाही, लाडवासारखं आहे, लाडवाचा व्यास दुप्पट केला तर आठ लाडवांचा ऐवज लागतो. दोन इंचीचा चार इंची झाला म्हणजे शरीर आठपट आणि घाण पण त्याच अंगाने. म्हणून ते "एक इंच माशाला चार लिटर पाणी" वगैरे गणित बारक्या माशांपुरतं ठीक आहे, मोठ्यांना लावलं की फसतं.

मग तापमानाचा काय संबंध?

आपल्याला गरम झालं की घाम येतो, थंडी वाजली की कुडकुडतो, पण आतलं शरीर 37 च्या आसपासच राहतं. माशाचं तसं नाही. पाळायचे मासे थंड रक्ताचे, म्हणजे पाण्याचं जे तापमान तेच त्यांच्या शरीराचं. पाणी 10 अंशांनी वाढलं की शरीराची गाडी अंदाजे दुप्पट वेगाने पळते, भूक वाढते, श्वास वाढतो, शीही वाढते.

आता गंमत बघा, ऑक्सिजन नेमका तेव्हाच कमी होतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. मागणी दुप्पट आणि पुरवठा घटलेला. त्यात आणखी एक, पाण्यातल्या अमोनियाचा काही भागच खरा विषारी रूपात असतो आणि तो भाग तापमानाने वाढतो, 25 वरून 30 अंशांवर गेलं की साधारण चाळीसेक टक्क्यांनी जास्त. म्हणून टाकी केवढी आणि पाणी किती गरम हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. कमी पाण्यात उन्हाळा म्हणजे सगळंच एकदम अंगावर येतं.

शिवाय लहान भांडं पटकन तापतं आणि पटकन निवतं. कपातला चहा दोन मिनिटांत गार होतो, बंबातलं पाणी तासभर गरम राहतं, तसंच हे. पुण्यात डिसेंबरात रात्री 10-12 अंश असतात, खिडकीतला बाऊल रात्रीत थंडगार पडतो आणि सकाळी ऊन आलं की पुन्हा चढतो. माशाला ठरावीक आकड्यापेक्षा हा झोका जास्त नडतो. असा झोका बसला की प्रतिकारशक्ती ढासळते आणि आठवड्याने अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. हिवाळ्यात हे फार दिसतं.

माझा स्वतःचा पराक्रम

हे सगळं मला पुस्तकात वाचून कळलं असतं तर बरं झालं असतं. नागपूरला असताना, मे महिना, दुपारचे दोन, मला वाटलं पाणी फार गरम झालंय तर निम्मं बदलू, म्हणून पाईप लावला नळाला आणि थेट टाकीत सोडला. हात लावून बघायची अक्कल नव्हती. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात उकळत होती, नळातून जवळजवळ आंघोळीचं पाणी येत होतं. माझे सहा एंजलफिश दहा मिनिटांत आडवे झाले, चार गेलेच. आईने तेव्हाही पीडेचंच वाक्य म्हटलं, पण पीडा मीच होतो.

तेव्हापासून नियम एकच, बदलायचं पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवायचं. सकाळी ते घरातल्या तापमानाला येतं आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीनही बराचसा उडून जातो. खात्री हवी असेल तर दुकानात अँटीक्लोरीनचे थेंब मिळतात, ते टाकायचे. आणि आठवड्याला पाव टाकी बदलायची, सगळी नाही. "आम्ही दर रविवारी पूर्ण धुतो" असं अभिमानाने सांगणारे दर रविवारी त्या विरजणाचा खून करत असतात.

नवीन मासा आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं तशीच टाकीत तरंगू द्यायची, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत मिसळायचं, ते पण तापमानाचा झोका बसू नये यासाठीच.

नागपूरचा कूलर आणि मुंबईचा घाम

"पाणी किती अंश हवं" याचं उत्तर तुम्ही कुठे राहता त्यावर बरंच आहे. मुंबई-कोकणात वर्षातला मोठा काळ घरातलं पाणी 26 ते 29 मध्ये असतं, बहुतेक ट्रॉपिकल म्हणजे उष्ण प्रदेशातल्या माशांना ते चालतं, तिथे हीटर जवळपास शोभेचा. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हीटर लागतो. विदर्भात दोन्ही लागतं, जानेवारीत हीटर आणि मे मध्ये उलटं.

हीटरचा साधा हिशोब लिटरला एक वॉट. पन्नास लिटरला पन्नास वॉट. "मोठा घेतला तर लवकर तापेल" म्हणून वीस लिटरच्या टाकीत दोनशे वॉटचा टाकू नका, त्याचा ऑटोकट अडकला तर सकाळी रस्सा मिळेल. हीटरवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, वेगळा थर्मामीटर लावा, फार महाग नसतो. पाणी बदलायच्या आधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा. गरम काच उघडी पडली आणि मग गार पाणी लागलं की तडकते, आणि पाण्यात वीज हा विषय वेगळा सांगायला नको.

उन्हाळ्यात पाणी गार करायचं तर माठ आठवा. माठातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं, तसं टाकीचं झाकण काढून जाळी टाकायची आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका मारायचा, दोन-तीन अंश सहज उतरतात. पण हे नागपूर-जळगावला मस्त चालतं कारण हवा कोरडी, मुंबईत हवाच ओली असते त्यामुळे तिथे जसा कूलर काम करत नाही तसाच हा पंखाही फारसा करत नाही. मुंबईकरांनी एअर पंप वाढवावा, खाणं कमी करावं, टाकी खिडकीपासून लांब न्यावी. पंख्याने पाणी उडतं ते रोज थोडं थोडं भरत राहायचं. बर्फाचे खडे टाकायचे नाहीत. फारच वाटलं तर बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवायची आणि तासाला एखादा अंशच उतरेल असं बघायचं.

कोणाला किती

गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा. 18 ते 23 त्याला आवडतं. आपल्याकडे 28-29 ला तो लगेच मरत नाही, पण त्याला मग पाणी आणि हवा दोन्ही जास्त द्यावी लागते. दोन फॅन्सी गोल्डफिशना माझ्या मते तीन फुटी टाकी, शंभर-सव्वाशे लिटर. यावर हौशी लोकांत वाद आहेत, कोणी कमी सांगेल, मी सांगणार नाही. आणि गोल्डफिशला एंजल किंवा डिस्कससोबत ठेवू नका, डिस्कसला 28 ते 30 लागतं, म्हणजे एकाला स्वेटर आणि दुसऱ्याला एसी अशी खोली.

गप्पी, हेच ते जे महापालिका डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडते, 22 ते 28 मध्ये मजेत. चाळीस-पन्नास लिटरमध्ये आठ-दहा राहतात, पण नर-मादी एकत्र ठेवले तर महिन्या-महिन्याला पिल्लं, तीन महिन्यांनी तुम्ही सोसायटीत पिल्लं वाटत फिराल (बाऊलसकट नको प्लीज). नुसते नर घ्या, रंगही त्यांनाच असतात. मॉलीला 24 ते 28, आणि पाणी जड असेल तर आणखी खूश, बोअरवेलवाल्यांनी मॉली घ्यावी. निऑन टेट्रा 21 ते 26, कळपाने राहणारा, आठ-दहा एकत्र, दोन फुटीत छान दिसतात. एंजलला 24 ते 28 आणि उंची हवी, दीड फूट तरी.

ऑस्करचं बाळ फार गोड दिसतं. ते फूटभर होतं आणि चार फुटी टाकी मागतं. दुकानात "शार्क" म्हणून विकतात तो पंगासियसच्या जातीतला, निसर्गात मीटरभर वाढणारा, तो कुठल्याच घरातल्या टाकीत बसत नाही. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारतात तो सकर दीड फुटापर्यंत जातो आणि काचेपेक्षा शीच जास्त करतो. मग कंटाळून लोक तलावात सोडतात. कृपा करून सोडू नका, आपल्याकडच्या जलाशयांत हे सकर कोळ्यांच्या जाळ्यात येतात, जाळी फाडतात आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नाही.

"पण मासा टाकीच्या मापानेच वाढतो ना?"

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. वाढ थांबते हे खरं आहे, पण मासा शहाणपणाने जागा बघून थांबत नाही, घाण पाण्यात राहून तो खुरटतो. कुपोषित पोराला "अंगाने बारीक आहे" म्हणण्यासारखं आहे ते. खुरटलेला मासा लवकर मरतो.

"फायटर तर डबक्यात राहतो म्हणतात"

फायटर म्हणजे बेटा, मूळचा थायलंडच्या बाजूचा, भातशेतीच्या उथळ पाण्यात राहणारा. कोकणातलं भातखाचर डोळ्यासमोर आणा, पाणी वीतभर पण पसरलेलं किती! उथळ म्हणजे थोडं नव्हे. त्याला वरची हवा घेऊन श्वास घ्यायचा एक जास्तीचा अवयव असतो, म्हणून दुकानात तो ग्लासात जिवंत दिसतो, बाकीचे तिथे तासाभरात उलटे झाले असते. पण अमोनियापासून तो अवयव वाचवत नाही. एका फायटरला वीसेक लिटर, 24 ते 28 अंश आणि वर झाकण, कारण तो वरची हवा घेतो आणि हिवाळ्यात ती हवाही गार नको. एका टाकीत एकच नर, हे सांगायला नको.

"आमचा बाऊलमध्ये दोन वर्षं जगला होता"

जगला असेल. दोन वर्षं ही गोल्डफिशची शाळेत जायचीही वेळ नाही. आणि "त्याला तीन सेकंदच आठवतं, त्याला कसला कंटाळा" हेही खोटं आहे, गोल्डफिशना शिकवलेली गोष्ट महिनोन्महिने लक्षात राहते. आमचा तर डब्याच्या झाकणाचा आवाज ओळखतो, माझ्या मुलापेक्षा लवकर येतो जेवायला.

"वन आरकेत टाकी ठेवू कुठे?"

हा मात्र खरा प्रश्न. दोन फुटी टाकी म्हणजे पाणी, काच, खडे धरून सत्तर-ऐंशी किलो, एक मोठा माणूस चोवीस तास उभा आहे असं समजा. प्लायवूडच्या टीव्ही युनिटवर ठेवू नका, वाकतं आणि मग तळाची काच तडकते. लोखंडी स्टँड, टाकीखाली थर्माकोलची शीट, भिंतीला लागून. चार फुटी म्हणजे तीनशे किलोच्या वर, ती जुन्या बिल्डिंगमध्ये खोलीच्या मधोमध मुळीच नाही.

एवढी जागा नसेल तर गोल्डफिश घेऊ नका, तो हौसेचा नव्हे जागेचा मासा आहे. वीस-पंचवीस लिटरची टाकी, एक फायटर, स्पंज फिल्टर, थोडी झाडं, हे ओट्याच्या कोपऱ्यातही बसतं. काकूंच्या नातीला शेवटी हेच करून दिलं, सायकलिंगला माझ्याच टाकीतला स्पंज. पण थंडी होती, त्यामुळे तरीही पाच आठवडे रिकामी टाकी बघत बसली बिचारी, रोज विचारायची "विरजण लागलं का?" फायटर फेब्रुवारीत आला, अजून आहे. जुन्या बाऊलमध्ये काकूंनी मनी प्लांट लावलाय, आणि आता नातीला दुकानातलं ते अंगठ्याएवढं कासव हवंय. ते केवढं होतं हे काकूंना मी अजून सांगितलेलं नाही.